जळगाव जिल्ह्यातील यावलजवळचे महिला बचत गटाचे भरीत केंद्र
कपाशीने दगा दिलेल्या वर्षी गावातील महिलांनी वर्गणी काढून सुरू केलेले हे केंद्र खवय्यांनी आवर्जून गाठावे. बामणोद गावची हिरवी, कमी बियांची वांगी कपाशीच्याच वाळल्या काड्यांवर साल करपेपर्यंत भाजली जातात; मग हिरवी मिरची व लसूण घालून ती लाकडी मुसळाने ठेचतात आणि वरून कांद्याची पात, शेंगदाणे यांची सढळ तेलातली फोडणी पडते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते का, हे पहिल्याच घासाला कळते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मात्र थोडी जाड होती. गल्ल्यावरच्या वहीत उधारीवर जेवलेल्या मजुरांची नावे लिहीत नाहीत, फक्त ताटे मोजतात. ज्याला जेव्हा जमेल, तेव्हा तो पैसे भरतो. ही रीत मला चवीइतकीच मोलाची वाटली. शक्यतो हिवाळ्यात जावे.