आजोबांच्या चाकूचं पातंच बदलून आलं, जुना चाकू दुरुस्तीला देणार असाल तर आधी हे वाचा

दोन महिने झाले तरी हे आठवलं की राग येतो म्हणून लिहीत नव्हते, पण परवा मावसभाऊ त्याच दुरुस्तीवाल्याकडे आजीचा अडकित्ता पाठवायला निघाला होता, वेळेत कळलं म्हणून त्याला थांबवता आलं. तेव्हा म्हटलं सगळं लिहूनच टाकावं.

माझे आजोबा गुहागरकडे आंब्याची कलमं बांधायचे. त्यांच्याकडे इंग्लंडमधल्या शेफील्डचा, रॉजर्स कंपनीचा घडीचा चाकू होता, शिंगाची मूठ, एकच पातं आणि पात्याच्या बुडाशी तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस असा छाप. भेटकलमात रोपाची आणि झाडाच्या फांदीची साल थोड्या लाकडासकट दोनेक इंच तासतात आणि दोन्ही काप एकमेकांना भिडवून बांधतात, तो काप एका झटक्यात सपाट निघाला नाही तर कलम धरत नाही. त्यामुळे आजोबांनी तो चाकू घरात भाजीलासुद्धा कधी दिला नाही. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि माझ्याच हातून रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना टोकाजवळ धारेचा तुकडा उडाला. खाच दोन मिलिमीटरची असेल, जास्त नाही.

जुन्या वस्तू नव्यासारख्या करून देतो म्हणणारा एक जण ऑनलाइन सापडला, त्याचे व्हिडिओ फार छान होते. फोटो बघून तो म्हणाला ताई पातं आतून तडकलंय, आत्ता केलं नाही तर मधूनच तुटेल. मी घाबरले. 1800 रुपये आधी पाठवले आणि चाकू कुरिअर केला, मग आठवड्याने म्हणाला आतली स्प्रिंगपण गेलीय, अजून 1200 पाठवा, तेपण पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला काम झालं की देतो. मधे त्याने एक फोटो पाठवला होता, त्यात धारेच्या कडेला निळी-जांभळी पट्टी दिसत होती, मला वाटलं लाइट पडलाय.

चाकू परत आला तो एकदम चकचकीत. पहिल्यांदा आनंदच झाला. मग उघडला तर तो नेहमीचा खट्ट आवाज नाही, पातं नुसतं सैल सरकत आलं. छाप नाही. त्याला फोन केला तर म्हणे पॉलिशमध्ये छाप जातो, पातं तुमचंच आहे. घरात कैरी होती म्हणून कापून बघितली. आजोबांच्या चाकूने कैरी कापली की पातं काळसर निळं पडायचं आणि फोडीलाही थोडा काळा डाग यायचा, जुन्या विळीचं होतं तसंच, कारण ते साधं कार्बन पोलाद होतं. (स्टेनलेस पोलाद हॅरी ब्रेअर्लीने 1913 मध्ये त्याच शेफील्डमध्ये काढलं, पण आमचं पातं ते नव्हतं.) दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पातं तसंच पांढरं. नंतर जुन्या फोटोशी लावून बघितलं तर नखाने उघडायची खाचसुद्धा वेगळी, आधी लांब आणि बारीक होती, आता आखूड, आणि मुठीच्या टोकाच्या धातूवर रिवेटचं गोल डोकं दिसतंय, आधी तिथे हात फिरवला तरी रिवेट कळायचं नाही.

गावी आमच्या ओळखीच्या लोहारकाकांना तो निळ्या पट्टीचा फोटो दाखवला, त्यांनी बघताक्षणी सांगितलं, ह्याने कोरड्या ग्राइंडरवर धरलंय, पाणी उतरलं. म्हणजे पातं कडक करताना दिलेलं पाणी वाया गेलं. असं पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि तिथे मऊ होतं, मग धार टिकत नाही. धार जाळली म्हणूनच त्याने पातं बदललं असावं. काकांचं म्हणणं, खाच एवढीच होती तर धारेच्या दगडावर पाणी घालत घालत धार थोडी मागे घेतली असती, दोन संध्याकाळचं काम, पातं मुठीतून सोडवायचीसुद्धा गरज नव्हती. हे ऐकून मला खरंच रडू आलं. आधी त्यांनाच का नाही विचारलं.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, पण माझ्याकडे बिल नाही, नुसते यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, आणि त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. तेव्हा कृपा करून चाकू, अडकित्ता, काहीही हातातून सोडायच्या आधी छापाचा, नखाच्या खाचेचा, रिवेटचा जवळून फोटो काढा, स्केल शेजारी ठेवून काढा, आणि काय करणार ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. शक्यतो समोर बसून काम करून घ्या. आतून तडकलंय असं कोणी फोटो बघून सांगत असेल तर पैसे पाठवू नका, आधी दुसऱ्या कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

आणि एक विनंती. जुने चाकू विकत घेणारे कोणी वाचत असतील तर, सुटं पातं, तारा आणि क्रॉसचा छाप, पाठीवर टोकापासून बोटभर अंतरावर एक आडवा चरा, असं कुठे विकायला आलेलं दिसलं तर मला कळवा. धार जळलेली असली तरी चालेल, मी पैसे देऊन घेईन.