पत्र्याची टोपी

ईएसपी३२-एस३ या मायक्रोकंट्रोलर चिपचे पाच बोर्ड मागवले होते. वर्णनात एन१६आर८, म्हणजे १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ८ एमबी पीएसरॅम (जादा तात्पुरती मेमरी). मॉड्यूलवरच्या पत्र्याच्या टोपीवरही तेच कोरलेलं. मला महिनोन्‌महिने नोंदी साठवणारं यंत्र करायचं होतं, म्हणून जागा हवी होती. नाहीतर ४ एमबीचे बोर्ड घरात पडलेच होते.

बोर्ड आले त्याच दिवशी विक्रेत्याचा मेसेज: "ब्लिंक टाकून बघा, चालला तर ओके कळवा." ब्लिंक म्हणजे नुसता एलईडी लुकलुकवणारा छोटा प्रोग्रॅम. केबल लावली, पोर्ट निवडला, अपलोड केलं. एलईडी लुकलुकला, पाचही बोर्डांवर. मी "ओके" लिहिलं, वर पाच तारेही दिले.

तीनेक आठवड्यांनी खऱ्या कामाला हात घातला. आयडीईच्या (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर टाकायच्या सॉफ्टवेअरच्या) टूल्स मेनूत फ्लॅश साइझ १६ एमबी केली, पार्टिशन स्कीम, म्हणजे फ्लॅशची वाटणी, तीही १६ एमबीचीच निवडली. कंपाइल सुरळीत झालं. खाली ओळ आली, प्रोग्रॅमसाठी कमाल जागा ३१४५७२८ बाइट. आधी तिथे १३१०७२० दिसायचं. म्हटलं, जागा आहे की! इथेच मी माती खाल्ली. तो आकडा बोर्डाला विचारून येत नाही, मेनूत जे निवडलं त्यावरून येतो. बोर्ड जोडलेलाच नसला तरी कंपाइल करताना तोच आकडा दिसेल.

अपलोडही शंभर टक्के झालं. बोर्डाचे संदेश दाखवणारा सीरियल मॉनिटर उघडला, तर बोर्ड सारखा रीसेट होतोय. केबल बदलली, यूएसबी हब काढला, बूटचं बटण दाबून पुन्हा अपलोड केलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दर रीसेटला एक ओळ सर्रकन वर जायची, ती तिसऱ्या दिवशी कुठे नीट वाचली: डिटेक्टेड साइझ ४०९६के, इमेज हेडरमध्ये १६३८४के, प्रोब फेल्ड. म्हणजे प्रोग्रॅम १६ एमबी धरून बनलेला, चिप मात्र ४ एमबीचीच सापडली.

विक्रेत्याला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर तयारच होतं: "सेटिंग चुकलंय, फ्लॅश साइझ ४ एमबी करा." केली, पार्टिशन स्कीमही ४ एमबीची केली, आणि बोर्ड सुरू झाला. हसाल, पण मी त्याला धन्यवाद लिहिले. रात्री डोक्यात उजेड पडला की त्याने दुरुस्ती सांगितलीच नव्हती, कमी माल माझ्याच हाताने पास करून घेतला होता.

मग ईएसपी-टूल या चिपशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रॅमची फ्लॅश-आयडी कमांड चालवली. ती थेट फ्लॅश चिपलाच ओळख विचारते, मेनूत काय निवडलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. उत्तर आलं: डिव्हाइस ४०१६, फ्लॅश ४ एमबी. शेवटचे दोन अंक हेक्समधले आहेत. तिथे १६ (म्हणजे आपले नेहमीचे २२) असेल तर दोनाचा बाविसावा घात इतके बाइट, म्हणजे ४ एमबी. १६ एमबीच्या चिपला तिथे १८ यायला हवं. (१६ बघून "बरोबर आहे" म्हणत खिडकी बंद करणाराही कुणी निघेल. मी क्षणभर केलीच होती.) पाचही बोर्ड तसेच.

पीएसरॅम मात्र ८ एमबी खरी निघाली. ती तपासताना घाई करू नका: या मॉड्यूलला मेनूत ओपीआय पीएसरॅम निवडावं लागतं, ते राहिलं तर अस्सल बोर्डही शून्य सांगतो आणि भांडण उगाच होतं. म्हणजे माझ्या हाती बहुधा एन४आर८ मॉड्यूल आलं होतं, फक्त टोपीवरचा मजकूर दुसरा.

तोवर परतीची मुदत उलटली होती. तक्रार केली, तर विक्रेत्याने पुरावा म्हणून माझाच "ओके" आणि पाच तारे पुढे केले. आता नवा बोर्ड आला की ब्लिंकच्या आधी फ्लॅश-आयडी चालवतो, स्क्रीनशॉट काढतो, आणि तोवर कुणाच्या मेसेजला उत्तर देत नाही.

त्या पाच बोर्डांच्या टोप्यांवर मार्करने ठळक "४" लिहून ठेवलंय. विक्रेत्याचा शेवटचा मेसेज अजून फोनमध्ये आहे: "पण सर, चालतोय ना?"