घोड्यावरून गंगाबल: पैसे भरण्याआधी हे वाचा

‘चालायचं अजिबात नाही. रोज घोड्यावर बसायचं आणि डोंगर बघायचे.’ या आश्वासनावर पुण्यातल्या आम्ही सोळा जणांनी मिळून पावणेआठ लाखांहून जास्त रक्कम भरली. माणशी साडेसेहेचाळीस हजार, वर पाच टक्के जीएसटी, आणि श्रीनगरपर्यंतचं विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. सहल होती काश्मीरमधल्या सरोवरांची: सोनमर्गजवळच्या शिटकडीहून निघायचं, निचनई खिंड ओलांडून विशनसर, मग गडसर, सतसर, हरमुख शिखराखालचं गंगाबल, आणि शेवटी नारानागला उतरायचं. या वाटेवर दरवर्षी शेकडो लोक चालत जातात. आम्हाला मात्र ती घोड्यावरून विकली गेली.

आमच्या गटात बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे होते. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली. माझ्या बाबांनी तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले, पण हिमालय राहून गेला आणि आता गुडघा साथ देत नाही. अशी माणसं योगायोगाने जमलेली नव्हती, ती हेरलेली होती. ज्याला चालता येतं तो घोड्यासाठी जास्तीचे वीस हजार मोजत नाही. ज्याची इच्छा शिल्लक आहे आणि पाय थकले आहेत, तोच मोजतो. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे.

आयोजकाने कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात माहितीसत्र ठेवलं होतं. चहा, सामोसे, पडद्यावर फोटो. हिरव्यागार कुरणातून एकामागून एक चाललेले घोडेस्वार, मागे बर्फाची शिखरं. प्रत्येकाला स्वतंत्र घोडा, गिर्यारोहण संस्थेतून शिकलेला गाइड, ऑक्सिजन, विमा, आणि ‘काही झालंच तर आपल्याकडे सॅटेलाइट फोन आहे’. लोक निश्चिंत झाले. सगळे त्याला दादा म्हणत होते, तोही ज्येष्ठांच्या पाया पडत होता.

त्या संध्याकाळी जे जे सांगितलं गेलं, त्यातलं किती तरी घरबसल्या तपासता येण्यासारखं होतं. सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही, आणि काश्मीरसारख्या भागात तो सापडला तर थेट अटक होऊ शकते. सहल काढणारा कुणी तुम्हाला असा फोन सोबत असल्याचं सांगत असेल, तर त्याला परवाना दाखवायला सांगा. ते फोटोही काश्मीरचे नव्हते. आमच्यातल्या एका काकांनी परत आल्यावर ते मोठे करून पाहिले, तर मागे पांढरे, गोल, नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) तंबू होते. असे तंबू किरगिझस्तानातले मेंढपाळ बांधतात. काश्मीरच्या कुरणांत गुज्जर-बकरवाल या पशुपालकांची दगडमातीची घरं आणि ताडपत्रीचे तंबू दिसतात.

सगळ्यात मोठी खूण मात्र त्याने न विचारलेल्या प्रश्नात होती. त्याने आमच्यापैकी एकालाही वजन विचारलं नाही. पुण्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांना मी नंतर भेटले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी वजनाचंच विचारलं. घोड्याने स्वार आणि खोगीर मिळून स्वतःच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंतच भार वाहावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पहाडी तट्टू अडीचशे-तीनशे किलोचं धरलं, तर हा भार पन्नास-साठ किलो होतो. आमच्यात नव्वद किलोचे दोघे होते. ज्याला खरंच दिवसेंदिवस लोकांना घोड्यावरून न्यायचं आहे, तो वजन विचारतो, याआधी घोड्यावर किती बसला आहात ते विचारतो, पाठीचा त्रास विचारतो. माथेरानला स्टेशनपासून पॉइंटपर्यंत घोड्यावर बसणं वेगळं आणि खिंडीच्या उतारावर तासन्‌तास बसणं वेगळं.

महिना जुलैचा, वर्ष 2023. त्या वर्षी अमरनाथ यात्रा 1 जुलै ते 31 ऑगस्ट होती. यात्रेचा एक रस्ता बालटालवरून जातो, आणि बालटाल सोनमर्गपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. या दोन महिन्यांत त्या भागातले घोडेवाले यात्रेकरूंच्या कामाला लागलेले असतात, कारण रोजची हमखास कमाई तिथे आहे. सोळा स्वारांसाठी सोळा घोडे आणि सामानासाठी वेगळे, असे जुलैत मिळवायचे तर महिनोन्‌महिने आधी पैसे देऊन ठेवावे लागतात. आमच्या माणसाने एक रुपयाही कुणाला दिलेला नव्हता.

शिटकडीला पोहोचलो तेव्हा समोर सामानाची पाच तट्टं उभी होती. दादा श्रीनगरलाच थांबला, ताप आला म्हणे. पत्रकात सोनमर्गला हवामानाशी जुळवून घेण्यासाठी एक पूर्ण दिवस होता, तोही त्याने ‘वेळ वाचवायला’ काढून टाकला. वाचला तो हॉटेलचा खर्च. गाइड म्हणून आलेला स्थानिक मुलगा जेमतेम विशीचा, मनाने अतिशय चांगला, पण त्याला दोन दिवसांपूर्वी फोनवर ठरवलेलं. तो म्हणाला, ‘मुझे तो बोला था सब पैदल जाएँगे.’

दादाला फोन लावायचा तर निम्म्या लोकांचे फोन बंद. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता मला वाटतं मुद्दामच सांगितलं नव्हतं. शिटकडीच्या पुढे तर कुणालाच रेंज नसते.

घोडेवाल्यांनी दया येऊन सामान चार तट्टांवर बसवलं आणि एक बाबांसाठी मोकळं केलं. त्याच्यावर बसायचं खोगीर नव्हतं, सामानाचंच होतं. वर घोंगडी टाकली, दोरीच्या रिकिबी बांधल्या. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा, दर तासाला सैल व्हायचा. घोडेवाले चाचा चढावर लगाम धरून पुढे चालायचे आणि उतार आला की बाबांना उतरवायचे. या वाटेवर उभ्या उतारांवर स्वाराने घोड्यावर बसूच नये, असं त्यांनी मला समजावलं. सतसरच्या पुढे तर मोठमोठ्या धोंड्यांचा लांबच लांब पट्टा आहे, तिथे सगळ्यांना पायीच जावं लागतं. म्हणजे ‘चालायचं अजिबात नाही’ हे घोडे असते तरी खोटंच ठरलं असतं.

सोनमर्ग सुमारे 2,700 मीटरवर आहे, निचनई खिंड 4,100 च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं सांगतात. घोड्यावर बसल्याने दम कमी लागतो, पण विरळ हवेची सवय काही लवकर होत नाही. उलट दम लागत नाही म्हणून माणूस बेसावध राहतो. विशनसरला पोहोचेपर्यंत बाबांचं डोकं फुटत होतं, मग उलट्या सुरू झाल्या. आमच्या सामानात ऑक्सिजनची नळकांडी होती, ती रिकामी निघाली. औषधाच्या पेटीत पट्ट्या आणि पॅरासिटामॉल. शेजारी तळ टाकलेल्या दुसऱ्या गटाच्या प्रमुख मुलीने ऑक्सिमीटर आणला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 74 टक्के, म्हणजे फारच कमी. ती एवढंच म्हणाली, ‘काका, उजाडलं की खाली. सरोवर पुढच्या वर्षीही इथेच असेल.’ रात्रभर ती त्यांच्या तंबूत बसून होती.

आम्ही परतलो, आमच्या मागोमाग सगळा गटच परतला. खाली आल्यावर बाबांना बरं वाटलं. तिथे कळलं की घोडेवाल्यांना आणि त्या मुलालाही एक पैसा मिळालेला नाही, ‘पैसे पाहुणे देतील’ असं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या घरी त्या दोन महिन्यांच्या कमाईवर हिवाळा निघतो. आम्ही वर्गणी काढून त्यांचे पैसे चुकते केले.

पुण्यात आल्यावर परतावा मागितला तर उत्तर आलं, ‘नैसर्गिक कारणाने सहल थांबली, पैसे परत मिळणार नाहीत.’ ज्यांनी जास्त विचारलं त्यांना व्हॉट्सॲप गटातून काढलं. जीएसटीची पावती पाहिली तर क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा, सुरुवात महाराष्ट्राच्या 27 ने, अगदी व्यवस्थित. जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. नोंदणी रद्द असताना लोकांकडून हा कर घेताच येत नाही. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि लॉगिनही लागत नाही.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगितलं गेलं. आम्ही लेखी अर्ज दिला आणि शिक्क्यासह पोच घेतली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, काश्मीरला खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आम्ही कुटुंबागणिक तक्रारी केल्या आहेत आणि त्या चालू आहेत. सगळ्यात उपयोगी पडलं ते मूळ पत्रक आणि व्हॉट्सॲप गटातून काढण्याआधी एका काकूंनी उतरवून ठेवलेला सगळा संवाद.

आता हाच माणूस नव्या नावाने, नव्या पानावर हिमाचलमधल्या स्पितीची घोडेस्वारी विकतो आहे. पुन्हा ज्येष्ठांसाठीच. अशा कुठल्याही सहलीचे पैसे भरणार असाल, तर घोडेवाल्यांशी स्वतः फोनवर बोला. सोनमर्गसारख्या ठिकाणी त्यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी असते. त्यांना तारखा सांगा, किती घोडे ठरले आणि आगाऊ रक्कम मिळाली का ते विचारा. गाइडचं प्रमाणपत्र उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग किंवा पहलगामच्या गिर्यारोहण संस्थेचं आहे म्हणत असतील तर त्याची प्रत मागा. रक्कम व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने मागत असतील तर देऊ नका. आणि पैसे आधीच भरले असतील, तर आज रात्रीच तो सगळा संवाद फोनमधून उतरवून घ्या आणि परताव्याची मागणी लेखी पाठवा.