सील्ड पॉप रिव्हेट: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर आमचा ॲल्युमिनियमचा डोंगा चालतो. तळाचे जुने रिव्हेट गळायला लागले म्हणून गेल्या पावसाळ्याआधी ४.८ मिमीचे बंद टोकाचे, म्हणजे सील्ड, पॉप रिव्हेट बसवले. पॉप रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायची पोकळ नळी, तिच्यातला खिळा गनने ओढला की ती आत फुगून पत्रे आवळते. साधे पॉप रिव्हेट पाण्याखाली लावू नका भाऊ, ते मधून पोकळ असतात. आतलं खिळ्याचं डोकं निसटलं की तिथूनच धार लागते.

माझा सगळा राग त्या खिळ्यावर आहे. ऑनलाइन विक्रेत्याने पाकिटावर 'पूर्ण ॲल्युमिनियम' छापलं होतं, आणि चुंबक जवळ नेताच खिळा टप्पकन चिकटला! विचारलं तर म्हणे, सगळीकडे असेच येतात. भांडून पैसे परत घेतले आणि चुंबक खिशात टाकून नागपूरचा इतवारी बाजार गाठला. तिथे पुडकी फोडून, एकेक लावून बघून माल उचलला. भाव साध्यापेक्षा बराच जास्त, तरी दिला. कारण लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना लागून राहिले की आधी ॲल्युमिनियमच झिजतं. आमच्या जुन्या भोकांभोवती पांढरी भुकटी धरली होती, नखाने खरवडली तर खाली पत्रा खड्डे पडलेला.

पावसाळाभर पत्र्यांच्या जोडातून, म्हणजे शिवणीतून, थेंब आला नाही, तेव्हा मी प्रत्येकाला हेच घ्या म्हणून सांगत होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं, तळ दगडांवर आपटू लागला आणि तळाला आधार देणाऱ्या आडव्या फासळ्यांवरचे रिव्हेट हलायला लागले. आता माझं मत असं आहे: शिवणीला सील्ड, फासळ्यांना भरीव. भरीव रिव्हेट ठोकला की फुगून भोक गच्च भरतो, म्हणून धक्का सोसतो. त्याला दोन माणसं लागतात. मी बाहेरून हातोडी मारतो, भाचा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो.

घेताना नुसती रिव्हेटची जाडी सांगू नका, ग्रिपही बघा, म्हणजे तो एकूण किती जाडीचे पत्रे आवळू शकतो ते. २ मिमीचे दोन पत्रे असतील तर ४ मिमी त्या ग्रिपमध्ये बसलं पाहिजे, नाहीतर पत्रे आवळले जात नाहीत. भोक ४.९ मिमीचं पाडा. जुनं भोक लांबट झालं असेल तर सरळ ६.४ मिमीच्या रिव्हेटवर जा. प्रत्येक रिव्हेटखाली पॉलियुरेथेन सीलंट हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल पत्र्याला लागतं.

गळती शोधायला डोंगा लाकडी ठोकळ्यांवर चढवून आतच पाणी भरा. बाहेरून जिथे थेंब धरेल तिथे मार्करने गोल करा. फासळ्यांचे उरलेले सील्ड आम्ही याच पद्धतीने एकेक करून बदलतोय.