उशाब्ती बोन संपला, आता पर्याय कोणता?

वॉरगेमच्या छोट्या मूर्तींची, म्हणजे मिनींची, अर्धी तुकडी रंगवून झाली आणि हाडाच्या रंगाची, म्हणजे सिटाडेल ब्रँडच्या उशाब्ती बोनची, डबी तळाला गेली, ही एक अडचण. नवी फौज सुरू करायची आहे आणि सिटाडेलच्या 12 मिलीच्या डब्या महाग पडतायत, ही दुसरी. दोन्ही वेळा आपण 'या रंगाऐवजी तो रंग' सांगणारा तोच तक्ता उघडून बसतो. पहिल्या वेळी हुबेहूब रंग हवा असतो, दुसऱ्या वेळी तेच काम करणारा कुठलाही चालतो. तुमची अडचण कोणती, ते आधी ठरवा.

पहिली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तीच डबी परत घ्या. एका रांगेत उभ्या राहणाऱ्या मिनींमधला जरासा फरकही डोळ्यांत भरतो. स्प्रेने बेसकोट (पहिला सलग रंगाचा थर) दिला असेल तर अजिबात धोका पत्करू नका. सिटाडेलच्या मॅक्रॅग ब्लू या निळ्याच्या स्प्रेवर डागडुजी करायला मॅक्रॅग ब्लूची डबीच लागते. 'जवळपास तसाच' निळा ठिगळासारखा दिसतो.

नवी फौज असेल तर मात्र पर्याय भरपूर आहेत. तक्ता वाचताना तो कोणत्या वर्षाचा आहे ते बघा. सिटाडेलने 2012 मध्ये जवळजवळ सगळी नावं बदलली: ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्ती बोन आला, ब्लड रेडच्या जागी इव्हिल सन्झ स्कार्लेट, बोल्टगन मेटलच्या जागी लेडबेल्चर. स्पेनच्या व्हायेहोचे 'गेम कलर' या जुन्या छटांना समांतर होते, ते नावांवरूनच कळतं: बोनव्हाइट, ब्लडी रेड, मॅजिक ब्लू. पण गेम कलरचीही नवी आवृत्ती आली आहे, 17 मिलीची बाटली आता 18 मिलीची झाली आहे आणि आतलं मिश्रणही बदललंय. डेन्मार्कच्या आर्मी पेंटरने 2024 मध्ये 'वॉरपेंट्स फॅनॅटिक' आणले. जुना तक्ता या नव्या बाटल्यांबद्दल काहीच सांगत नाही.

हाडाच्या रंगासाठी मी आधी गेम कलरचा बोनव्हाइट बघेन. ड्रॉपर बाटली असल्याने थेंब मोजून मिश्रण करता येतं आणि तेच मिश्रण पुन्हा जमतं. डबीतून ब्रशने रंग उचलताना हे होत नाही. आर्मी पेंटरच्या स्केलेटन बोनचा फायदा वेगळा आहे. फॅनॅटिकमध्ये एकाच रंगाच्या गडद ते फिकट सहा पायऱ्या मिळतात, म्हणजे सावली आणि हायलाइट वेगळे शोधावे लागत नाहीत. शिवाय त्यांचे कलर प्रायमर (रंगाआधी मारायचा रंगीत स्प्रे थर) त्यांच्याच बाटल्यांशी जुळवलेले असतात. पूर्ण फौज एकाच कंपनीच्या रंगांत करायची असेल तर मी आर्मी पेंटर सुचवेन. मोजके रंग बदलायचे असतील तर व्हायेहो. व्हायेहोचाच 'मॉडेल कलर' अगदी मॅट (बिनचकाकीचा) बसतो. ऐतिहासिक सैनिकांना तो शोभतो, पण खेळताना सतत हाताळल्या जाणाऱ्या मिनींवर गेम कलर जास्त टिकतो.

आपल्याकडे हमखास विचारलं जातं, कॅमलचे अ‍ॅक्रिलिक चालतील का? बेस (मिनीखालची चकती), खडक, पडक्या भिंती यांना खुशाल वापरा. चेहऱ्याला नको. ट्यूबमधला रंग दाट असतो; पातळ करायला पाणी वाढवलं की झाकण्याची ताकद कमी होते आणि खालचा प्रायमर दिसू लागतो.

वॉशच्या, म्हणजे खाचांत साचून सावली देणाऱ्या पातळ रंगाच्या, बाबतीत मात्र छटा जुळणं पुरेसं नसतं. सिटाडेलच्या अ‍ॅग्रॅक्स अर्थशेडला आर्मी पेंटरचा स्ट्राँग टोन आणि नल्न ऑइलला डार्क टोन हे नेहमीचे पर्याय, आणि ते चांगले आहेत. पण वॉश खाचेत किती साचतो आणि उंचवट्यावर किती डाग सोडतो, हे त्यातल्या मीडियमवर (रंगद्रव्य धरणाऱ्या द्रवावर) ठरतं. सिटाडेलने 2022 मध्ये स्वतःच्याच शेड्सचं (त्यांच्या वॉशचं नाव) मिश्रण बदललं तेव्हा नाव तेच राहूनही रंग वेगळा बसू लागला. म्हणून एका तुकडीला एकच वॉश. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट, आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आणि व्हायेहोचे एक्स्प्रेस कलर, म्हणजे एकाच हातात रंग आणि सावली देणारे रंग, यांनाही हेच लागू: तिन्ही उत्तम, पण अध्येमध्ये बदलू नका. स्पीडपेंट घेताना 2.0 आवृत्तीच घ्या. पहिल्या आवृत्तीवर दुसरा हात दिला की खालचा रंग पुन्हा ओला होऊन वर यायचा.

मेटॅलिक, म्हणजे धातूसारख्या चमकीच्या, रंगांची फार काळजी नको. वरून वॉश बसला की लेडबेल्चर आणि गनमेटलमधला फरक बराच बुजतो.

बाकी कुठलाही पर्याय घेतलात तरी आधी टाकाऊ स्प्रूवर (मिनीचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावर) तपासा. मिनीला मारता तोच प्रायमर मारा, वाळला की काळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढा आणि जुना-नवा रंग शेजारीशेजारी त्या रेघेवरून दोन पातळ हातांत लावा. ओला असताना काहीच ठरवू नका. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. वाळल्यावर रेघ कुठे जास्त दिसते त्यावरून झाकण्याची ताकद कळते. मग स्प्रू खिडकीशी नेऊन बघा आणि रात्री टेबलावरच्या एलईडीखाली बघा. दोन रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळलेली छटा दुसऱ्या उजेडात फुटते. शेवटी फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही पट्टे एकच करडे दिसले तर निर्धास्त घ्या. 28 मिमीच्या मूर्तीवर हलकं-गडद जुळलं की छटेतली थोडी पिवळट झाक कुणाच्या लक्षात येत नाही. चकाकी वेगळी वाटली तर मॅट व्हार्निश ती सारखी करतं, फक्त व्हार्निशने रंग किंचित गडद होतो. तेव्हा तोही हात स्प्रूवरच देऊन बघा.