सेन्सरला पॉवर: बॅटरी की फायबर?

चाकणला फर्नेसच्या वर बसवलेल्या वायरलेस सेन्सरची बॅटरी बदलायला कधी चढलायत का? मी चढलोय, परमिट काढून, हार्नेस घालून, आणि तेही एका ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलसाठी! सेल तसा भारी असतो, पंधरा मिनिटांनी एक रीडिंग पाठवायचं तर वर्षानुवर्षं चालतो, पण गरम जागी आपोआप उतरतो आणि दर सेकंदाला रीडिंग हवं म्हटलं की संपलाच.

फायबरचं वेगळंय. कंट्रोल रूममध्ये लेसर, फायबरच्या काचेच्या बारीक धाग्यातून प्रकाश जातो, पलीकडे छोटा फोटोव्होल्टाइक सेल त्याची वीज करतो, म्हणजे सोलर पॅनलच, फक्त ऊन लेसरचं. मधे तांबं नाही, त्यामुळे वेल्डिंगचा इलेक्ट्रिकल नॉइज, शॉर्ट, पावसाळ्यातली वीज, कसलंच टेन्शन नाही, हाय व्होल्टेज यार्डात तर याला तोड नाही. पण हातात येतो सहसा जेमतेम अर्धा-एक वॅट, ८०८ नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या लेसरचा दर किलोमीटरला जवळपास निम्मा प्रकाश वाटेतच जातो, आणि हा लेसर डोळ्याला धड दिसत नाही म्हणून कनेक्टर काढून आत डोकावणाऱ्या पोराला आधी ओरडायचं.

आणि फायबर टाकलीच तर डेटा पण त्यातूनच आणा की, वायरलेस कशाला? मी तरी गेटवे, म्हणजे भोवतीच्या वायरलेस सेन्सरची रीडिंग गोळा करून पुढे पाठवणारा डबा, फायबरवर घेईन, भोवतीचे किरकोळ सेन्सर राहू देत लिथियम सेलवर.