लहान मुलासाठी ड्रोन मागवताना झालेली फसवणूक

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, आमच्या गावी, माझ्या बहिणीने तिच्या सहा वर्षांच्या मुलासाठी मागवलेल्या ड्रोनऐवजी भलतीच वस्तू पाठवून तिच्याकडून १,२९९ रुपये उकळण्यात आले. रक्कम फार मोठी नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरताना मुलाला मिळालेला बोजारा, म्हणजे घरोघरी भेट दिलेले पैसे, त्यात होता, आणि त्याच जाहिरातीवरून शेजारच्या गावांतही लोक माल मागवत असल्याचे कानावर आल्यामुळे हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मोबाइलवर व्हिडिओ पाहताना मध्येच ही जाहिरात येते. पांढऱ्या रंगाचा, चार पंखांचा, घडी होणारा ड्रोन डोंगराच्या कड्यावरून उडताना दिसतो आणि लगेच पुढच्या दृश्यात एक लहान मूल हातात रिमोट धरून हसताना दिसते. खाली मराठीत मजकूर असतो: फोर-के कॅमेरा, जीपीएस, ३० मिनिटे उड्डाण, १ किलोमीटर पल्ला, मुलांसाठी एकदम सोपा. वर ४,९९९ रुपये ही किंमत खोडलेली आणि शेजारी ‘आज शेवटचा दिवस’ म्हणत उलटे मोजणारे घड्याळ.

या दाव्यांपैकी एकच तपासला असता तरी सगळा बनाव उघडा पडतो. मुलांच्या छोट्या ड्रोनमध्ये बहुधा ३.७ व्होल्टची एकच लिथियम-पॉलिमर बॅटरी असते आणि तिच्यावर तो साधारण ५ ते ८ मिनिटे उडतो. अर्धा तास उडणारे, जीपीएस आणि चांगला कॅमेरा असलेले ड्रोन बाजारात आहेत, मात्र ते मोठ्या माणसांनी शिकून चालवायचे यंत्र आहे आणि त्याची किंमत कित्येक हजारांत जाते. मोठ्यांचे यंत्र दाखवायचे, ते लहान मुलाच्या हातात दिल्याचे भासवायचे आणि किंमत खेळण्याची सांगायची, असा हा डाव आहे. ज्या घरात यापूर्वी कधी ड्रोन आलेला नाही, त्या घराला यातली विसंगती दिसणार तरी कशी?

आमच्याकडे कुरिअरचा मुलगा गल्लीत येत नाही. बसथांब्याजवळच्या पानठेल्यापाशी थांबून फोन करतो. कापूस वेचणीचे दिवस असल्याने भाऊजी शेतात होते, म्हणून बहीण पैसे घेऊन गेली. खोका उघडून पाहू द्या, असे तिने म्हटल्यावर तो म्हणाला, “पहिले पैसे द्या ताई, मंग फोडा. फोडलेला डबा आमी वापस नाही घेत.” तो मुलगा पगारी माणूस आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पैसे मिळाल्याखेरीज खोका उघडू न देण्याचा नियमच या विक्रेत्यांच्या पथ्यावर पडतो.

खोक्यातून निघाले ते पंजाएवढे लाल प्लॅस्टिकचे हेलिकॉप्टर. रिमोट नाही, कॅमेरा नाही, पंखांभोवती संरक्षक कडे नाही. पोटाशी हरभऱ्याएवढा काळा सेन्सर होता. हा सेन्सर अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो आणि खाली हात किंवा जमीन जाणवली की हेलिकॉप्टर वर उचलले जाते. ते डावीउजवीकडे वळवण्याची कोणतीही सोय त्यात नसते. शिवाय उन्हातही अवरक्त किरण असल्यामुळे असा सेन्सर उघड्यावर गोंधळतो. अंगणात सोडताच ते भरकटत कवेलूंपर्यंत गेले, वळचणीला आदळले आणि खाली येताना उघड्या पात्याने मुलाच्या बोटाचे पेर कापले. हेच पाते डोळ्याला लागले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही माझा संताप होतो. खोक्यावर केवळ ‘फ्लाइंग टॉय’ एवढेच छापलेले होते. उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, आयएसआय चिन्ह यांपैकी काहीही नव्हते, वास्तविक वेष्टनबंद वस्तूवर नाव-पत्ता आणि किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

तक्रार केली तेव्हा बिलाचा खरा उपयोग कळला. त्यावर ‘ड्रोन’ हा शब्दच नव्हता. ‘टॉय, १ नग’ असे होते. व्हॉट्सॲपवर उत्तर आले की खेळणे मागवले होते, खेळणे पोहोचले आहे. आणि त्यानंतर तो क्रमांक बंद झाला. म्हणून ऑर्डर देण्याच्या वेळीच जाहिरातीचा आणि वस्तूच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण बिल विक्रेता स्वतःच्या सोयीने लिहितो.

याहून गंभीर प्रकार पुढे घडला. पैसे परत मिळवण्यासाठी बहिणीने इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा’ म्हणून सापडलेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने परतावा लगेच देतो असे सांगून तिला मोबाइलची स्क्रीन दाखवणारे एक ॲप घ्यायला आणि आलेली विनंती स्वीकारून यूपीआय पिन टाकायला सांगितले. बहीण बचत गटाचा हिशेब सांभाळते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे तिला पक्के ठाऊक असल्यामुळे तिने फोन ठेवला, आणि १,२९९ रुपयांमागोमाग गटाचे पैसे जाण्याचे टळले.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेथे मराठीतही बोलता येते. त्या फोनची माहिती सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर दिली. पैसे मात्र परत आलेले नाहीत. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे आवश्यक आहे. या पानावर त्यांपैकी काहीच नव्हते, त्यामुळे नोटीस पाठवायची तर ती कोणाला, हा प्रश्न उरतो. ज्या पानावर पत्ता नाही तेथून काहीही मागवू नये, आणि मागवलेच तर खोका फोडताना लेबलपासून आतल्या वस्तूपर्यंत सलग चित्रीकरण करून त्याच दिवशी कुरिअर कंपनीला लेखी कळवावे. ग्राहकाने दिलेली रोकड बहुधा काही दिवस कुरिअरकडेच असते. ती विक्रेत्याकडे पोहोचल्यानंतर काहीच हाती लागत नाही.

पुढे आम्ही वर्ध्याच्या एका दुकानातून मुलासाठी छोटा ड्रोन आणला, तेव्हा काय पाहून घेतले तेही सांगतो. चारही पंखांभोवती पूर्ण कडे असावे. रिमोट २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ लहरींवर चालणारा असावा, कारण अवरक्त रिमोट उन्हात निकामी ठरतो. ‘अल्टिट्यूड होल्ड’ ही सोय सर्वांत महत्त्वाची आहे: हवेचा दाब मोजून ड्रोन स्वतः उंची राखतो, त्यामुळे मुलाने घाबरून रिमोटची कांडी सोडली तरी तो कोसळत नाही. ‘हेडलेस’ सोय असली तर ड्रोनचे तोंड कोणीकडेही असो, कांडी डावीकडे नेली की तो डावीकडेच जातो. लहान मुलाला एरवी हेच समजत नाही. एका बटणाने उतरण्याची सोय, सुटी निघणारी बॅटरी आणि जादा पंख डब्यातच असावेत. कॅमेऱ्याचा या वयात उपयोग नाही. त्याने वजन आणि किंमत तेवढी वाढते.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे ते समजते. डब्यावर ‘१४+’ लिहिलेले असेल तर विक्रेता तोंडाने काहीही म्हणो, ती वस्तू लहान मुलासाठी बनवलेली नाही. दुकानदाराला उडवून दाखवायला सांगावे. आमच्या दुकानदाराने दुकानातच उडवून दाखवला. घरी मोठे माणूस जवळ असतानाच, सकाळी वारा पडलेला असताना उडवावा, बॅटरी नजरेसमोर चार्ज करावी आणि फुगलेली दिसली की पुन्हा वापरू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ती उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये.

तीच चित्रफीत आता दुसऱ्या नावाच्या पानावरून १,४९९ रुपयांना दाखवली जात आहे. डोंगराचा कडा, पांढरा ड्रोन आणि उलटे मोजणारे घड्याळ तेच आहे. दिसल्यास जाहिरातीच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून तक्रार नोंदवा आणि गावातील ज्यांनी ऑर्डर दिली असेल त्यांना पार्सल न स्वीकारता परत पाठवायला सांगा. पैसे देण्यापूर्वी पार्सल नाकारल्यास ग्राहकाला काहीही द्यावे लागत नाही.